स्थान, पर्वत आणि माणूस : कोरियन भूगोलाभ्यासातील स्थानबंधाचा विचार

प्रस्तावना

मानव आणि भूमी यांच्यातील परस्परसंबंध हा भूगोलाचा गाभा मानला जातो. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत या संबंधाचा इतिहास बहुधा रॅट्झेल, विडाल द ला ब्लाश, कार्ल सॉवर या क्रमाने शिकविला जातो आणि तो १९७० नंतरच्या मानवतावादी भूगोलापाशी, म्हणजे यी-फू तुआन व एडवर्ड रेल्फ यांच्यापाशी येऊन थांबतो. या क्रमात पूर्व आशियातील भूगोलविचाराला स्वतंत्र जागा क्वचितच मिळते. कोरियाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील भूगोलज्ञांपुढे माणसाचे स्थानाशी असलेले नाते शोधण्याआधी आणखी एक प्रश्न उभा होता. ते नाते कोणाच्या भाषेत मांडायचे, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाला ऐतिहासिक कारण आहे. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता. डोंगरांची वर्गवारी, जमिनीची मोजणी, गावांची नावे आणि लोकसमजुतींची नोंद ही सर्व कामे आधुनिक पद्धतीने प्रथम झाली ती मुख्यतः जपानी अभ्यासकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हातून. स्वतःच्या भूमीविषयी कोरियन लोकांनी शतकानुशतके जे लिहिले होते, ते या काळात एकतर कालबाह्य ठरले किंवा अंधश्रद्धेच्या सदरात जमा झाले. १९४५ मध्ये कोरियन भूगोल परिषदेची स्थापना झाली, तेव्हा वापरात असलेली परिभाषा बव्हंशी परकी होती. पुढच्या पिढ्यांपुढे दोन सोपे मार्ग होते. जुने ज्ञान अशास्त्रीय म्हणून सोडून द्यायचे, किंवा राष्ट्राभिमानाच्या भरात ते जसेच्या तसे डोक्यावर घ्यायचे. या दोहोंपैकी कोणताही मार्ग न स्वीकारता ज्यांनी काम केले, त्या अभ्यासकांच्या पद्धतीचे विवेचन येथे केले आहे.

परिभाषेचा प्रश्न

मराठीत 'स्थान' हा शब्द पारिभाषिक म्हणून रूढ झाला असला, तरी बोलण्यात आपण 'जागा', 'ठिकाण', 'गाव' असे शब्द वापरतो आणि त्यांच्या छटा वेगळ्या असतात. कोरियन भाषेतही अशीच स्थिती आहे. 'जांगसो' हा चिनी चित्रलिपीतून आलेला शास्त्रीय शब्द म्हणजे आपला 'स्थान'. त्याला 'संग' हा गुणवाचक प्रत्यय लावून 'जांगसोसंग', म्हणजे 'स्थानत्व', ही संज्ञा घडविली गेली. भूगोलाबरोबरच नगररचना व वास्तुकला या विषयांतही ती सर्रास वापरली जाते. मात्र अस्सल देशी शब्द आहे तो 'थॉ'. घराची जागा ती 'जिप्थॉ', बाजाराची 'जांग्थॉ', कामाची 'इल्थॉ'; ज्या आधारावर आयुष्य उभे असते त्यालाही याच शब्दाने संबोधले जाते. या सर्व प्रयोगांत जागा तेथे चालणाऱ्या कृतीवरून ओळखली जाते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिसरा शब्द 'गोह्यांग'. त्याचा अर्थ जन्मगाव एवढाच नाही. पूर्वजांच्या समाध्या जेथे आहेत आणि सणावाराला जेथे परतायचे असते, ते मूळ गाव. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये.

राहण्याजोगी जागा कोणती?

कोरियन सांस्कृतिक भूगोलाचा कोणताही अभ्यासक ज्या ग्रंथाकडे परत परत येतो, तो म्हणजे ई जुंग-ह्वान यांनी १७५१ साली सिद्ध केलेला 'थेंगनिजी', अर्थात वसतीसाठी जागा निवडण्याविषयीचा ग्रंथ. १६९० साली जन्मलेले ई जुंग-ह्वान हे जोसन राजवटीतील अधिकारी होते. दरबारी गटबाजीत त्यांचा गट हरला. चौकशी, छळ आणि हद्दपारी त्यांच्या वाट्याला आली. पुढील आयुष्य त्यांनी देशभर भटकण्यात घालविले. आपल्यासारख्या विद्वान-अधिकारी वर्गातील माणसाने, ज्याला कोरियन भाषेत 'सादेबू' म्हणतात, राहावे तरी कुठे, हा त्यांचा खराखुरा प्रश्न होता. बेघर झालेल्या माणसाने लिहिलेला हा भूगोल आहे, हे विसरून तो वाचला तर त्यातील तळमळ हाती लागत नाही.

ग्रंथात चार निकष सांगितले आहेत. पहिला 'जिरी', म्हणजे भूमीची ठेवण. दरीतून पाणी कोठून बाहेर पडते, मैदान किती मोकळे आहे, डोंगरांचा आकार कसा आहे, मातीचा रंग कोणता, समोरचे डोंगर आणि समोरचे पाणी कसे आहे, याची तपासणी त्यात येते. दुसरा 'सेंगनी', म्हणजे उपजीविका. जमीन सुपीक हवी आणि मालाची देवघेव होईल अशी नावांची ये-जा हवी. तिसरा 'इन्सिम', म्हणजे तेथील लोकांची मने आणि चालीरीती. चौथा 'सान्सू', म्हणजे डोंगर-पाणी, निसर्गाचे सौंदर्य. चारांपैकी एक जरी उणा असला तरी जागा राहण्यास चांगली नाही, असा त्यांचा दंडक आहे.

यातील चौथ्या निकषावर त्यांनी केलेली सूचना मोठी व्यवहारी आहे. रम्य जागा मनाच्या उन्नतीसाठी आवश्यक असली तरी ती बहुधा उपजीविकेला पुरत नाही. म्हणून घर सुपीक जमिनीत करावे आणि दहा 'री' किंवा अर्ध्या दिवसाच्या वाटेच्या अंतरावर, जाऊन-येऊन राहता येईल असे एखादे सुंदर ठिकाण शोधून ठेवावे, असा सल्ला ते देतात. समुद्रकाठापेक्षा नदीकाठ बरा आणि नदीकाठापेक्षा ओढ्याकाठची वसती बरी, असा क्रमही त्यांनी लावला आहे. ओढ्याकाठच्या वसतींमध्ये त्यांनी दोन गावांना अग्रमान दिला. एक येआनजवळचे दोसान, दुसरे आंदोंगजवळचे हाहवे. ही दोन नावे लक्षात ठेवणे इष्ट. त्यांचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

आधुनिक अभ्यासकांनी या ग्रंथाचा गौरव केला तसा त्यातील दोषही दाखविला. जल्ला आणि फ्यंगान हे दोन प्रांत आपण पाहिलेले नाहीत, असे ई जुंग-ह्वान स्वतःच नमूद करतात. तरीही फ्यंगानच्या लोकांना ते सर्वांत सरळमनाचे ठरवितात आणि जल्लाच्या लोकांना कपटी. न पाहिलेल्या प्रदेशाविषयीचे हे शेरे म्हणजे राजधानीतील वर्तुळात प्रचलित असलेले पूर्वग्रह होत. जल्लाविषयीचा पूर्वग्रह विसाव्या शतकातील दक्षिण कोरियाच्या राजकारणात किती विषारी ठरला हे सर्वज्ञात आहे. एखाद्या प्रदेशाचा 'स्वभाव' सांगणारे प्रादेशिक वर्णन किती सहज अन्यायाचे साधन बनते, याचे हे उदाहरण कोणत्याही देशातील प्रादेशिक भूगोलाच्या अध्यापकाने वर्गात सांगावे असे आहे.

पर्वतांची वंशावळ आणि पर्वतांच्या रांगा

कोरियाचा सुमारे सत्तर टक्के भाग डोंगराळ आहे. साहजिकच तेथे स्थानाचा विचार डोंगरापासून सुरू होतो. अठराव्या शतकातील विद्वान शिन ग्यंग-जुन यांच्या नावावर असलेल्या 'सानग्यंगफ्यो' या ग्रंथात देशातील सर्व डोंगर एका तक्त्यात मांडले आहेत. या तक्त्याची रचना घराण्याच्या वंशावळीसारखी आहे. मूळपुरुष म्हणजे उत्तर सीमेवरील बेकदूसान (२,७४४ मीटर). त्याच्यापासून दक्षिणेच्या जिरिसानपर्यंत (१,९१५ मीटर) गेलेला सुमारे १,४०० किलोमीटर लांबीचा मुख्य कणा तो 'बेकदू-देगान'. त्यातून निघालेल्या तेरा शाखा, ज्यांना 'जंगमेक' म्हणतात, आणि एक मधली शाखा. बहुतेक शाखांची नावे नद्यांवरून पडली आहेत. जी डोंगरओळ पाणी दुभागते तीच खरी ओळ, आणि ती नदीला कधीही ओलांडत नाही, हे या मांडणीचे सूत्र आहे. किम जंग-हो यांच्या १८६१ च्या प्रसिद्ध 'देदोंग-यजिदो' नकाशात हीच कल्पना अखंड काळ्या रेषांनी उतरलेली दिसते.

जपानी भूशास्त्रज्ञ कोतो बुन्जिरो यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोरियात भटकंती करून १९०३ साली तेथील पर्वतरचनेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी डोंगरांची विभागणी भूगर्भीय रचनेच्या दिशांवरून केली. तेबेक, सोबेक आदी रांगांची जी यादी पुढे शालेय पुस्तकांत स्थिरावली आणि स्वातंत्र्यानंतरही कायम राहिली, तिचा उगम या कामात आहे. या रांगा ठिकठिकाणी नद्यांना छेदून जातात, कारण त्या खडकांचा इतिहास सांगतात, पाण्याचा नव्हे.

१९८० च्या दशकात 'सानग्यंगफ्यो' पुन्हा चर्चेत आला. त्याचे श्रेय मुख्यतः विद्यापीठाबाहेरच्या नकाशाकारांना व गिर्यारोहकांना द्यावे लागते. वसाहतकारांनी आपल्या डोंगरांची मूळ ओळ पुसली आणि खोटी ओळ शिकविली, ही भावना झपाट्याने पसरली. २००३ मध्ये बेकदू-देगानच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि २००५ पासून तो अमलात आला. आधुनिक राज्यसंस्थेने अठराव्या शतकातील भौगोलिक संकल्पनेला कायद्याची सीमारेषा बनविल्याची अशी उदाहरणे जगात फार नसावीत.

विद्यापीठीय भूगोलज्ञांनी या लाटेत सावध भूमिका घेतली आणि ती योग्यच होती. कोतो यांची रांग 'खोटी' आणि शिन यांची ओळ 'खरी', हा वादच चुकीचा मांडला गेला आहे, असे भूरूपशास्त्राच्या अभ्यासकांचे म्हणणे पडले. पहिली मांडणी डोंगर कसे घडले या प्रश्नाचे उत्तर देते. दुसरी, डोंगर माणसांना कसे विभागतात व जोडतात या प्रश्नाचे. मात्र यातून सांस्कृतिक भूगोलाला एक मोलाची दिशा मिळाली. नदीखोरे हे जर एकक मानले, तर बोलीभाषा, घरांचे आराखडे, पाच दिवसांनी भरणाऱ्या बाजारांची वर्तुळे यांच्या सीमा नव्याने तपासता येतात. यंगनाम म्हणजे 'घाटाच्या दक्षिणेचा' प्रदेश. देगानवरील घाटावरूनच हे नाव पडले आहे. लोकांनी आपले प्रदेश मुळात घाट आणि पाणलोट यांच्या भाषेत ओळखले होते. वर्गात दोन्ही नकाशे शेजारी ठेवून शिकविणे, हा या वादावरचा सर्वांत शहाणपणाचा तोडगा म्हणावा लागेल.

फुंगसू : श्रद्धा, पुरावा आणि उपचार

चीनमधील फेंगशुई आपल्याकडे शोभेच्या वस्तूंच्या दुकानांतून पोचली. त्यामुळे तिच्या कोरियन रूपाविषयी, म्हणजे 'फुंगसू'विषयी, गंभीर चर्चा करताना प्रथम ते चित्र बाजूला सारावे लागते. 'वारा अडवावा, पाणी मिळवावे' हा फुंगसूचा मूळ अर्थ. पाठीशी डोंगर आणि पुढ्यात पाणी ही आदर्श वसतीची खूण. हिवाळ्यात वायव्येकडून बोचरे वारे येणाऱ्या देशात दक्षिणाभिमुख, डोंगराच्या कुशीतील घर सोयीचे असते, हे सांगायला शास्त्राची गरज नाही. पण फुंगसू म्हणजे प्राचीन पर्यावरणशास्त्रच, असे म्हणून मोकळे होणे हा अर्धवट विचार आहे. घरांइतकीच, किंबहुना अधिक, ती थडग्यांच्या जागांसाठी वापरली गेली. चांगल्या जागेतील पूर्वजाची ऊर्जा वंशजांना लाभते या समजुतीमुळे जोसन काळाच्या उत्तरार्धात समाधीस्थळांवरून कज्जे-खटल्यांचा पूर आला होता. भूमीवरील प्रेम आणि भूमीवरील हक्क हे येथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

फुंगसूचे पहिले विस्तृत आधुनिक संकलन मुरायामा चिजुन यांनी केले. ते जपानी वसाहत सरकारसाठी केलेले सर्वेक्षण होते आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. माहिती भरपूर, पण हेतू शासितांना ओळखण्याचा. स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ कोरियन विद्यापीठांनी या विषयाकडे पाठ फिरविली. ही कोंडी फोडण्याचे काम दोन अभ्यासकांनी अगदी भिन्न रीतीने केले.

युन होंग-गी यांनी अमेरिकेतील बर्कली येथे फुंगसूवर केलेले संशोधन १९७६ मध्ये ग्रंथरूपाने आले. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. फुंगसू खरी की खोटी, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवून भूमीवर काय केले, हा त्यांचा प्रश्न होता. फुंगसूत निसर्गाच्या तीन प्रतिमा आढळतात, असे ते दाखवितात. निसर्ग गूढ शक्तीने भारलेला आहे. तो माणसासारखा किंवा प्राण्यासारखा सजीव आहे. आणि तो इजा होण्याजोगा, नाजूक आहे. एखाद्या समाजाच्या मनात भूमीविषयी जी टिकाऊ बैठक असते तिला त्यांनी 'भू-मानसिकता' या अर्थाची संज्ञा दिली. विशेष म्हणजे ती संज्ञा त्यांनी न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या अभ्यासातही वापरली. मायदेशाच्या डोंगरांतून निघालेली संकल्पना दुसऱ्या समाजाच्या भूमीसाठीही उपयोगी पडली, ही कोरियन भूगोलाची स्वतंत्र देणगी मानता येईल.

छ्वे छांग-जो (१९५०-२०२४) यांचा मार्ग निराळा होता. ते सोल राष्ट्रीय विद्यापीठात भूगोलाचे प्राध्यापक होते. १९८४ च्या त्यांच्या ग्रंथाने फुंगसूला विद्यापीठात प्रतिष्ठा मिळवून दिली. १९९२ मध्ये मात्र त्यांनी पद सोडले आणि ते स्वतंत्रपणे लेखन व भ्रमंती करू लागले. चिनी फेंगशुई भाग्यवान जागा शोधते. नवव्या शतकातील भिक्षू दोसन यांच्या परंपरेतील देशी फुंगसू मात्र आजारी जमिनीवर उपचार करते, असा त्यांचा सिद्धांत होता. ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीवर हा भेद इतका स्वच्छ उतरत नाही, हे मान्य करावे लागते. तथापि त्यातून अभ्यासाचा एक अतिशय फलदायी विषय पुढे आला. तो म्हणजे 'बीबो'.

बीबो म्हणजे उणीव भरून काढणे. दरीचे तोंड फार उघडे असेल तर तेथे झाडी लावायची, डोंगर ठेंगणा असेल तर मातीचा उंचवटा रचायचा, कुठे मनोरा तर कुठे दगड उभारायचा. सोलच्या पूर्व दरवाजाच्या नावात इतर दरवाजांपेक्षा एक अक्षर जास्त आहे. पूर्वेची टेकडी बुटकी, म्हणून ती भर घातली, अशी परंपरागत समजूत आहे. छ्वे वन-सक यांच्यासारख्या भूगोलज्ञांनी गावोगावच्या बीबोची नोंद घेऊन त्यांचे प्रकार, स्थान आणि सामाजिक संदर्भ अभ्यासले. निर्दोष जागा निसर्गात नसतेच, ती माणसाला पिढ्यान्पिढ्या घडवावी लागते, हा विचार या नोंदींतून ठळक होतो. गावाच्या तोंडाशी असलेल्या राया कोणी लावल्या, कोणी तोडू दिल्या नाहीत, त्यासाठी गावाने कोणते नियम केले, हे प्रश्न भूगोलाला सामाजिक इतिहासापर्यंत नेतात. पुढे परिसरशास्त्रज्ञांनी या रायांच्या आडोशाला वाऱ्याचा वेग आणि बाष्पीभवन मोजले, तेव्हा शेतीला त्यांचा प्रत्यक्ष फायदा होत असल्याचे आढळले. असे असले, तरी गावकऱ्यांनी झाडे लावली ती बाष्पीभवन कमी करण्यासाठी नव्हे. कारण आणि परिणाम यांची गल्लत न करण्याची दक्षता येथे घ्यावी लागते.

वर उल्लेखिलेले हाहवे गाव याचे उत्तम उदाहरण आहे. नाकदोंग नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या गावात फुंगसान र्‍यू हे घराणे सहा शतकांपासून नांदत आहे. गावाची उपमा पाण्यावर तरंगणाऱ्या कमळाची. समोरच्या उंच कड्याचा प्रखरपणा सौम्य व्हावा म्हणून सोळाव्या शतकात र्‍यू उन-र्‍योंग यांनी नदीकाठी पाइन वृक्षांची राई लावली, असे सांगितले जाते. ती आजही जोपासली जाते. २०१० मध्ये हाहवे आणि यांगदोंग या दोन गावांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

प्रतिमांचे युद्ध

फुंगसू राजकारणात उतरली की काय होते, हे सोलच्या ग्यंगबोक राजवाड्याच्या इतिहासावरून दिसते. १३९५ मध्ये बांधलेला, १५९२ च्या जपानी आक्रमणात जळालेला आणि १८६० च्या दशकात पुन्हा उभारलेला हा राजवाडा शहराच्या फुंगसूरचनेतील मर्मस्थान होता. जपानी सरकारने त्याच्या पुढ्यातच आपली दगडी प्रशासकीय इमारत उभारली. ती १९२६ मध्ये पूर्ण झाली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी दिनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, ती पाडण्यास आरंभ झाला. युन होंग-गी यांनी या साऱ्या घटनाक्रमाचे वाचन भूदृश्यावरील प्रतिमांचे युद्ध म्हणून केले आहे. दोन्ही बाजूंना जागेचा अर्थ माहीत होता, म्हणूनच जागा तीच राहिली आणि इमारती बदलल्या.

याच सुमारास डोंगरमाथ्यांवरील लोखंडी खुंट्या उपटण्याची मोहीम सरकारी पाठबळाने चालली. कोरियाची प्राणशक्ती तोडण्यासाठी जपान्यांनी त्या ठोकल्या, अशी सार्वत्रिक समजूत होती. तसे करण्याच्या आदेशाचा लेखी पुरावा मात्र पुढे आला नाही. काही खुंट्या मोजणीच्या किंवा अन्य साध्या कामाच्या असल्याचे अभ्यासकांनी निदर्शनास आणले. येथे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. खुंट्या त्या हेतूने ठोकल्या गेल्या का, हा इतिहासाचा प्रश्न. आपल्या डोंगराच्या अंगात कोणी तरी खिळा ठोकला आहे असे एका समाजाला इतक्या तीव्रतेने का वाटले, हा सांस्कृतिक भूगोलाचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले म्हणून दुसरा निकालात निघत नाही.

गमावलेली स्थाने

तुआन आणि रेल्फ यांचे ग्रंथ कोरियन भाषेत अनुवादित झाले. रेल्फ यांच्या स्थान आणि स्थानहीनता या विषयावरील ग्रंथाचा अनुवाद २००५ मध्ये आला. परिभाषेला त्यामुळे धार आली. त्यातून काही प्रमाणात 'स्थानविपणना'चे, म्हणजे शहरांच्या जाहिरातबाजीचे, शोधनिबंधही उदंड झाले. त्यांचा विचार येथे अप्रस्तुत आहे. स्थानहीनता ही ज्या देशाच्या अनुभवात होती, तेथे या संज्ञेला वेगळाच अर्थ प्राप्त झाला, हे अधिक महत्त्वाचे.

पूर्व किनाऱ्यावरील सोकछो शहरातील 'आबाई' वस्ती याची साक्ष देते. युद्धापूर्वी सोकछो ३८ व्या अक्षांशाच्या उत्तरेस असल्याने उत्तर कोरियात होते. १९५३ च्या युद्धविरामानंतर ते दक्षिणेत आले. हामग्यंग प्रांतातून पळून आलेले निर्वासित येथील वाळूच्या दांड्यावर उतरले. सीमा उघडली की पहिल्या बोटीने घरी जायचे, या अपेक्षेने त्यांनी कच्ची घरे बांधली. 'आबाई' हा त्यांच्या बोलीतील वडीलधाऱ्या पुरुषासाठीचा शब्द. एका गावचे लोक एकत्र राहिले आणि त्यांनी आपल्या आळ्यांना सिन्फो, होंगवन अशी सोडून आलेल्या गावांची नावे दिली. तात्पुरते म्हणून बांधलेले घर तीन पिढ्यांचे घर झाले. २००० साली एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण येथे झाल्यावर पर्यटकांचा ओघ सुरू झाला आणि दोराने ओढत न्यायची साधी तर हे आकर्षण बनले. स्थानबंध हा सहवासातून वाढतो, हे पाठ्यपुस्तकी विधान येथे अपुरे पडते. या लोकांचा बंध न दिसणाऱ्या गावाशी होता. नवी वस्ती त्या गावाच्या नकाशावर रचली गेली होती.

दुसऱ्या प्रकारचे विस्थापन धरणांनी घडविले. ई जुंग-ह्वान यांनी हाहवेच्या जोडीने गौरविलेल्या दोसानचा परिसर आंदोंग धरणाच्या जलाशयात बुडाला. हे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. तत्त्वज्ञ ई ह्वांग यांच्या स्मरणार्थ १५७४ मध्ये स्थापन झालेले दोसान विद्यापीठ उंचावर असल्याने वाचले आणि २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. परंतु त्याच्या समोरची शेते गेली. १७९२ मध्ये राजाज्ञेने जेथे विशेष परीक्षा घेण्यात आली, त्या जागेवरील स्मारक सुमारे दहा मीटरांचा चौथरा बांधून उचलले गेले. पाणी वाढले की ते बेटासारखे दिसते. ओछन येथील ग्वांगसान किम घराण्याचे वाडे खांब-तुळ्यांसह उतरवून डोंगरउतारावर नव्याने उभारण्यात आले. लाकडे तीच, रचना तीच. पण समोरचा ओढा, शेते आणि बाजाराची वाट नाही. स्थान म्हणजे वास्तू नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारा प्रयोग कोणी ठरवूनही केला नसता. जल्ला भागातील योंगदाम धरणाने (२००१) सुमारे बारा हजार लोकांना उठविले. अशा जलाशयांच्या काठी विस्थापितांनी 'गाव आठवण्याचे' शिलालेख उभारले असून त्यांवर बुडालेल्या वाड्यावस्त्यांची नावे कोरलेली आढळतात.

तिसरे विस्थापन शहरांतले. आज दक्षिण कोरियातील निम्म्याहून अधिक कुटुंबे अपार्टमेंटमध्ये राहतात. फ्रेंच भूगोलज्ञ व्हालेरी जलेझो यांच्या सोलवरील ग्रंथाचा कोरियन अनुवाद २००७ मध्ये 'अपार्टमेंटांचे प्रजासत्ताक' अशा अर्थाच्या नावाने आला आणि ते नाव म्हणीसारखे रूढ झाले. टेकड्यांवरील गरीब वस्त्या पाडून उभ्या राहिलेल्या या इमारतींत कोणाची जागा गेली, याचा शोध नव्या पिढीचे अभ्यासक घेत आहेत. लंडनमध्ये अध्यापन करणारे शिन ह्युन-बांग यांचे पुनर्विकास व हकालपट्टीवरील काम यात अग्रेसर आहे. समाध्यांचे डोंगरही बदलले. दहनाचे प्रमाण २००५ मध्ये निम्म्यावर गेले आणि २०२१ पर्यंत नव्वद टक्क्यांपलीकडे पोचले. ज्या फुंगसूने शतकानुशतके थडग्यांच्या जागा ठरविल्या, तिचा आधारच यामुळे आटत चालला आहे.

नावे आणि पत्ते

माणूस आणि स्थान यांच्यातील सर्वांत साधा दुवा म्हणजे नाव. अलीकडच्या संशोधनात स्थलनामांच्या अभ्यासाला बरेच महत्त्व आले आहे. १९१४ मध्ये वसाहत सरकारने प्रशासकीय पुनर्रचना केली, तेव्हा अनेक गावे एकत्र करून दोन्ही नावांतील एकेक अक्षर घेऊन नवी नावे बनविण्यात आली. सोलमधील आज प्रसिद्ध असलेले इन्सा-दोंग हे नाव ग्वानिन आणि देसा या दोन जुन्या नावांच्या तुकड्यांतून घडले. गंमत अशी, की आज हे नाव जुन्या सोलचे प्रतीक म्हणून जपले जाते. कृत्रिम नावालाही वापराने स्थानत्व येते. म्हणून 'मूळ' नावाचा आग्रह धरणाऱ्यांना भूगोलज्ञ जपून उत्तर देतात.

१ जानेवारी २०१४ पासून देशभर रस्त्यांच्या नावांवर आधारलेली पत्त्यांची पद्धत पूर्णतः लागू झाली. त्यापूर्वीचा पत्ता जमिनीच्या गट क्रमांकावर चालत असे, आणि त्या क्रमांकांचा उगम वसाहतकालीन मोजणीत होता. त्यामुळे बदलाचे समर्थन सोयीच्या आणि स्वाभिमानाच्या अशा दोन्ही भाषांत झाले. परंतु पूर्वीच्या पत्त्यात शहरी 'दोंग' किंवा ग्रामीण 'री' यांचे नाव अनिवार्यपणे येई. नव्या पद्धतीत शहरांमध्ये दोंगचे नाव कंसात लिहिण्याची मुभा राहिली. ग्रामीण भागात मात्र री, म्हणजे खुद्द गावच, पत्त्यातून गळले. पत्र आता रस्त्याला येते, गावाला येत नाही. हाहवेच्या बाबतीत रस्त्याच्याच नावात 'हाहवे' हा शब्द घातला गेल्याने गावाचे नाव टिकले आहे. ज्या खेड्यांना जागतिक वारसा नाही, ई जुंग-ह्वान यांची शिफारस नाही आणि ज्यांच्यावरून दूरवरच्या कोणत्या तरी गावाच्या नावाचा रस्ता जातो, त्यांची नावे टपालाच्या थैलीतून नाहीशी होत आहेत.